अँटीव्हायरस बदलताना ईमेलची तपासणी चालू ठेवावी का?

टिळकवाडी, बेळगाव (धागा मांडणारे)

परवान्याची मुदत संपली, की आपल्याकडच्या अनेक लहान कार्यालयांत दुकानदार येतो, जुना अँटीव्हायरस काढतो, दुसरा बसवतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी मेल येईनासे होतात. उद्यमबागेतील फौंड्रीला पुण्याहून येणारे ड्रॉइंग मिळत नाही, करसल्लागाराचे उत्तर आउटबॉक्समध्ये पडून राहते, आणि दोष इंटरनेटला दिला जातो. माझे मत असे, की नव्या अँटीव्हायरसमधील ईमेल तपासणी, म्हणजे मेल वाटेतच थांबवून तपासण्याची सोय, पहिल्या दिवसापासून बंद ठेवावी.

याचे कारण जुने आहे. मेल वाटेत तपासता यावे म्हणून काही अँटीव्हायरस थंडरबर्ड किंवा आउटलुक या मेल प्रोग्राममधील पॉप सर्व्हरचे (जेथून मेल उतरवून घेतले जातात त्याचे) नाव काढून तेथे १२७.०.०.१ हा आपल्याच संगणकाचा पत्ता लिहीत आणि खऱ्या सर्व्हरचे नाव युजरनेमला जोडून ठेवत. तो अँटीव्हायरस गेला, की त्या पत्त्यावर मेल घेणारे कोणीच उरत नाही. अशा वेळी लोक पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून पाहतात, पण चूक पासवर्डमध्ये नसून सर्व्हरच्या रकान्यात असते. मेल पुरवणाऱ्या कंपनीने दिलेले सर्व्हरचे नाव, पूर्ण ईमेल पत्ता आणि सुरक्षित पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक (आयमॅप या मेल घेण्याच्या दुसऱ्या पद्धतीसाठी ९९३, पॉपसाठी ९९५, पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७) एवढेच तेथे असावे. मधल्या कोणाचाही पत्ता तेथे नको.

उद्यमबाग, बेळगाव

आपले निदान मला मान्य आहे, उपाय मात्र मान्य नाही. आमच्यासारख्या अनेक कारखान्यांचा मेल वेबसाइटबरोबर स्वस्तात मिळालेल्या होस्टिंगवर चालतो, आणि तेथील गाळणी मोठ्या कंपन्यांइतकी कडक असेलच असे नाही. कोटेशनच्या नावाने आलेली बाधित फाइल हिशेबनीस उघडणार, कारण कोटेशन उघडणे हेच त्याचे काम आहे. शिवाय थंडरबर्ड साधारणपणे इनबॉक्समधील सगळे मेल एकाच मोठ्या फाइलमध्ये साठवतो. वाटेत तपासणी झाली नाही आणि पुढे एखाद्या स्कॅनमध्ये त्या फाइलवर बोट ठेवले गेले, तर एका बाधित मेलपायी सगळा इनबॉक्स क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटीव्हायरसच्या कोंडवाड्यात, जाऊ शकतो. मेल आत येण्यापूर्वीच अडवलेला बरा, असे मला कळकळीने वाटते.

टिळकवाडी, बेळगाव (धागा मांडणारे)

इनबॉक्सची भीती खरी आहे, परंतु तिच्यासाठी थंडरबर्डमध्येच सोय आहे. गोपनीयता आणि सुरक्षिततेच्या सेटिंग्जमध्ये येणारे मेल एकेक करून क्वारंटाइन करण्याची मुभा अँटीव्हायरसला देता येते. जोडलेली फाइल उघडताच अँटीव्हायरसचे सतत चालू असणारे रिअल-टाइम संरक्षण ती तपासतेच. पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये तर वाटेतल्या तपासणीलाही डोकावता येत नाही. ती फाइल उघडल्यावरच पकडता येते.

माझा मोठा आक्षेप कूटबद्ध मेलबाबत आहे. ९९३ किंवा ९९५ वरून येणारा मेल वाचायचा, तर अँटीव्हायरसला मध्ये बसून खऱ्या सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राऐवजी स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करावे लागते. थंडरबर्डचा प्रमाणपत्रांचा साठा विंडोजपेक्षा वेगळा असतो, त्यामुळे नवा अँटीव्हायरस आल्यावर तेथे इशारा उमटू शकतो आणि कर्मचारी न वाचता ‘तरीही चालेल’ असा अपवाद मान्य करून टाकतो. ही सवय एकदा लागली, की उद्या खरोखरच बनावट सर्व्हर समोर आला तरी तो तेच बटण दाबेल.

निपाणी

मी कार्यालयांचे संगणक सांभाळतो, म्हणून या वादात क्रमाचा मुद्दा मांडतो. तपासणी ठेवा अथवा ठेवू नका, अनर्थ घडतो तो काढण्याच्या घाईत. प्रथम जुन्या अँटीव्हायरसमधील ईमेल तपासणी बंद करावी, मेल प्रोग्राममध्ये खऱ्या सर्व्हरचे नाव परत आले का ते पाहावे, एक मेल स्वतःलाच पाठवून घ्यावा, आणि मगच जुना अँटीव्हायरस काढावा. आउटलुकमध्ये त्याचे अ‍ॅड-इन (जोड-प्रोग्राम) मागे राहिले असल्यास तेही काढावे. विंडोज १० आणि ११ मध्ये दुसरा अँटीव्हायरस गेला, की विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर सहसा आपोआप चालू होतो, म्हणून मधल्या वेळेची धास्ती बाळगून दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवण्याचे कारण नाही.

उद्यमबाग, बेळगाव

हा क्रम मी आमच्या कार्यालयात लावून घेईन. प्रमाणपत्राच्या इशाऱ्याबाबतचा आक्षेपही मी मान्य करतो. तरीही होस्टिंगवरची गाळणी सुधारेपर्यंत हिशेबनिसाच्या संगणकावरील तपासणी मी चालूच ठेवणार आहे. मात्र अँटीव्हायरसचे प्रमाणपत्र थंडरबर्डमध्ये मी स्वतः बसवेन आणि कोणताही अपवाद मान्य करण्याची परवानगी हिशेबनिसाला देणार नाही.