मदत हवी आहे : गार इंजिनात टॅपेटचा आवाज, वॉरंटीचे १९ दिवस शिल्लक

चोपडेकर
सप्रेम नमस्कार. माझ्या एसयूव्हीच्या इंजिनातून गेल्या दीड महिन्यापासून सकाळी टकटक असा आवाज येत आहे. सर्व्हिस सेंटरने पहिल्या वेळी ‘हा आवाज सगळ्याच गाड्यांना येतो’ असे सांगून परत पाठवले आणि दुसऱ्या वेळी हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे व्हॉल्व्हची फट राखणारा, आपले मिस्त्री ज्याला टॅपेट म्हणतात तो भाग, खराब झाला असावा असे सांगितले. आता इंजिन उघडावे लागेल, आणि दोष वॉरंटीत बसला नाही तर उघडण्या-जोडण्याची मजुरी मी देईन असे लिहून द्यावे, अशी त्यांची मागणी आहे. सही करावी की करू नये, एवढेच कृपया लवकर सांगावे.

अमळनेरचा मिस्त्री
भाऊ, गाडी डिझेल की पेट्रोल, किती किलोमीटर चालली, आवाज किती वेळ टिकतो आणि तेल शेवटचे कोठे बदलले, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय सहीबद्दल सांगणे योग्य होणार नाही.

रावेर केळीबाग
माझ्या जुन्या जीपला असाच आवाज येत होता. १५डब्ल्यू-४० हे जाड तेल घातले आणि त्याच आठवड्यात आवाज बंद झाला. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, तेथे पातळ तेल कसे टिकणार? इंजिन उघडू नका, तेल बदला.

अमळनेरचा मिस्त्री
केळीबागवाले दादा, आपली जीप जुनी आहे. २०२० पासून आलेल्या बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते आणि तिला कमी राखेचे तेल लागते. गाडीसोबतच्या पुस्तिकेत नसलेले तेल घातल्याने आवाज दबला, तरी वॉरंटी नाकारण्याचे कारण आपण स्वतःच्या हाताने लिहून देऊ.

रावेर केळीबाग
पुस्तिका लिहिणारे लोक रावेरच्या उन्हात राहत नाहीत. तीस वर्षे गाड्या वापरतो आहे, अनुभव हाच माझा पुरावा.

भुसावळकर
वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हल्ली नव्या गाड्यांचे रबरी भाग लवकर झिजतात अशी चर्चा आहे. आपण पंप बदलून पाहिला का?

चोपडेकर
गाडी डिझेल आहे, त्यामुळे इथेनॉलचा प्रश्न येत नाही. ५८,००० किलोमीटर झाले आहेत. वॉरंटी तीन वर्षांची किंवा एक लाख किलोमीटरची, यांतले जे आधी पूर्ण होईल ते. गार इंजिन सुरू केल्यावर साधारण दीड मिनिट आवाज येतो. तेल वेळेवर बदलले आहे, त्याची कृपया चर्चा नको. सहीचे सांगा.

लळिंग घाट
मी अमेरिकेतील मालकांचे अनुभव वाचतो. जनरल मोटर्सच्या ५.३ आणि ६.२ लिटरच्या व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनांतील लिफ्टरवरून तेथे मालकांनी सामूहिक दावेही दाखल केले आहेत. नव्या एसयूव्ही घेऊच नयेत, असे माझे मत झाले आहे.

अमळनेरचा मिस्त्री
ते उदाहरण येथे जसेच्या तसे लागू होत नाही. त्या इंजिनांत इंधन वाचवण्यासाठी चालता चालता काही सिलिंडर बंद ठेवतात. त्यासाठी लिफ्टरमध्ये कुलूपासारखी खीळ असते, ती अडकली की लिफ्टर दबलेलाच राहतो आणि व्हॉल्व्ह ढकलणारी दांडी, पुशरॉड, वाकते. आपल्याकडच्या चार सिलिंडरच्या डिझेलमध्ये सहसा ही यंत्रणा नसते. लिफ्टर साधा असतो, तेलाच्या दाबावर उभा राहून व्हॉल्व्हची फट शून्य ठेवणारा. रात्रभर उभ्या गाडीतील तेल खाली उतरते, म्हणून एक-दोन सेकंद आवाज येणे क्षम्य आहे. दीड मिनिट क्षम्य नाही.

तरीही दोष लिफ्टरचाच आहे असे धरून इंजिन उघडायला देऊ नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे, गॅस्केट गळत असले तरी अशीच टकटक येते आणि धातू तापून फुगला की थांबते. डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचाही आवाज असतो, पण तो गरम इंजिनातही चालू राहतो. म्हणून गाडी रात्रभर सर्व्हिस सेंटरमध्येच उभी ठेवावी, सकाळी आपल्यासमोर सुरू करावी आणि वेगळे मीटर जोडून तेलाचा दाब मोजून घ्यावा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा दाब फारच पडल्यावर लागतो, त्यावर विसंबू नये. जुना ऑइल फिल्टर कापून आत धातूचा चुरा आहे का, हेही पाहावे. कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, चालणारा रोलर फिरायचा थांबला असेल तर तो कॅम घासतो आणि तो चुरा तेलातून बेअरिंगपर्यंत पोहोचतो. मग काम चार लिफ्टरांवर भागत नाही.

आणखी एक गोष्ट, डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवर, तेल वरच्या खुणेच्या वर गेले आहे का? गाडी रोज घर ते शेत एवढीच चालत असेल तर जाळीतली काजळी जाळून साफ होण्याची क्रिया अर्धवट राहते, डिझेल तेलात उतरते आणि तेल पातळ होते.

चोपडेकर
तेल वरच्या खुणेपेक्षा बोटभर वर आहे. ते वाढले म्हणजे चांगलेच, अशी माझी समजूत होती. हल्ली गाडी बहुतेक दिवस शेतापर्यंत सहा किलोमीटर जाते-येते, जळगावला महिन्यातून एकदा. आणि आता लिहायलाच हवे : मागील कापूस वेचणीच्या हंगामात सर्व्हिस सेंटरला जायला वेळ नव्हता, म्हणून ४२,००० किलोमीटरला तेल गावातील गॅरेजमध्ये बदलले. बिल साध्या कागदावर आहे.

नंदुरबारचा वाचक
हे आधी लिहिले असते तर अर्धी चर्चा वाचली असती, कारण सर्व्हिस सेंटर याच नोंदीवर बोट ठेवणार आहे. त्या तेलाचा डबा, दुकानाचे बिल, मोबाइलवरून दिलेल्या पैशांची नोंद, जे सापडेल ते जपा. डब्यावरील दर्जा पुस्तिकेशी जुळत असेल तर ‘बाहेर बदलले’ एवढे कारण पुरेसे ठरू नये.

सहीविषयी : कोऱ्या संमतीवर सही करू नका, पण नकार देऊन दिवसही घालवू नका. पहिल्या भेटीत आवाजाची तक्रार जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहिली गेली होती का? नसेल तर उद्याच तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्या आणि तोच मजकूर कंपनीला ई-मेलने पाठवा, कारण दोष मुदतीत कळवला होता हे दाखवणारा तोच कागद आहे. संमतीपत्राखाली आपल्या हस्ताक्षरात लिहा की इंजिन माझ्यासमोर उघडावे, काढलेले भाग मला दाखवावेत, तेलाचा नमुना सीलबंद ठेवावा आणि वॉरंटी नाकारल्यास कारण लेखी द्यावे. ‘माझे हक्क राखून सही करीत आहे’ असेही लिहा.

नाकारलेच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे जळगावला, दाद मागता येते. त्यासाठी कंपनीच्या शहरात जावे लागत नाही. तक्रारीची मुदत तिचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

भुसावळकर
वाढीव वॉरंटी आत्ताच विकत घ्यावी. सगळे प्रश्न मिटतील.

नंदुरबारचा वाचक
आधीच असलेला दोष वाढीव वॉरंटीत सहसा धरत नाहीत. आवाज लपवून ती घेणे तर मुळीच करू नये.

चोपडेकर
सर्वांचे मनापासून आभार. डबा शेतावरच्या खोलीत सापडला. त्यावर ५डब्ल्यू-३० हा जाडीचा आकडा आणि एसीईए सी३ हा दर्जा असे छापले आहे, पुस्तिकेतही तेच आहे. पहिल्या भेटीच्या जॉब कार्डवर मात्र फक्त ‘सामान्य तपासणी’ लिहिले आहे. आज नवे जॉब कार्ड करून आवाजाची नोंद घेतली आणि अटींसह सही केली. व्यवस्थापकांनी अटींची प्रत दिली. गाडी रात्रभर तेथेच आहे. सकाळी आठ वाजता माझ्यासमोर सुरू करणार आहेत. तेलाचा दाब गार इंजिनात मोजायचा की गरम झाल्यावरही?

अमळनेरचा मिस्त्री
दोन्ही वेळा मोजावा आणि दोन्ही आकडे जॉब कार्डवर लिहून घ्यावेत. डिझेल मिसळले असेल तर गरम इंजिनाचा आकडा अधिक पडलेला दिसेल. तो आकडा येथेही कळवा.