प्रति: पत्रकांऐवजी क्यूआर कोड

प्रदर्शनातल्या स्टॉलवर वाटायची पत्रके छापणे थांबवून त्याऐवजी क्यूआर कोड लावावा, हा या चर्चेत आलेला मुद्दा पटतो. परंतु स्टॉलच्या मांडणीतून होणाऱ्या कचऱ्याचा उल्लेख तिथे आलेला नाही. जालन्याच्या एका कृषी प्रदर्शनात आमचा ठिबक सिंचनाचा स्टॉल होता. शेवटच्या संध्याकाळी मंडपवाल्याच्या मुलांनी कार्पेट कटरने कापून गोळा केले, तेव्हा त्याला चिकटपट्टी आणि काळी माती इतकी चिकटली होती की ते पुन्हा अंथरण्याजोगे उरले नव्हते. हे कार्पेट बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे प्लास्टिकचेच असते. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. जाड फ्लेक्स मात्र चालतो, आणि त्यावर तारीख छापली की तो चार दिवसांत निरुपयोगी होतो.

पुढच्या वर्षी आम्ही फलक कापडावर, तारीख न घालता छापून घेतला, तो आजही वापरात आहे. खाली सतरंज्या भाड्याने आणल्या, त्या झटकून परत गेल्या. आयोजकांनी स्टॉलच्या भाड्यासोबत अनामत घ्यावी आणि जागा स्वच्छ झालेली पाहिल्यावरच ती परत करावी, असे मला मनापासून वाटते, कारण आज तो सगळा ढीग सफाई कामगारांच्याच अंगावर पडतो.