मदत हवी आहे: यूकेत घरगुती फराळ, लेबलवर हिंग कसा लिहायचा?

नमस्कार मंडळी. लेस्टरजवळ राहते, घरून दिवाळीचा फराळ विकते. कौन्सिलकडे नोंदणी केली आहे, ऑर्डरी व्हॉट्सॅपवर येतात.

परवा एका बाईंनी विचारलं, "मुलाला सीलिॲक आहे, गव्हातलं ग्लूटेन चालत नाही, चिवडा चालेल ना?" मी बिनधास्त कळवलं, पोह्यांचा आहे, गहू कुठून येणार! मग फोडणी करताना सहज हिंगाची डबी उलटी करून बघितली. चष्मा लावल्यावर दिसलं: गव्हाचं पीठ. पोटात गोळाच आला. पाकीट अजून घरातच होतं म्हणून निभावलं, लगेच फोन करून नको म्हटलं. इतकी वर्षं हिंगाला मी कधी हिंग लावून विचारलं नव्हतं!

मग १४ ॲलर्जनांची, म्हणजे लेबलवर सांगावेच लागणाऱ्या ॲलर्जीच्या घटकांची, इथली यादी नीट वाचली. शेंगदाणे, काजू ठाऊक होते. पण मोहरी आणि तीळही आहेत. म्हणजे आपली फोडणीच यादीत. बेदाण्यांच्या पाकिटावर सल्फर डायॉक्साइड निघालं, तेही त्यात. खोबरं मात्र नाही.

आता मंडळाच्या कार्यक्रमात टेबल लावायचंय, शिवाय एक दुकानदार पाकिटं ठेवतो म्हणतोय. सगळीकडे एकच लेबल चालेल का? आणि सगळ्यावरच "अंश असू शकतो" छापलं तर?

प्रतिसाद:
ताई, नुसतं हिंग लिहू नका. "हिंग (गव्हाचं पीठ, डिंक...)" असं डबीवरचं सगळं इंग्रजीत उतरवा, गहू ठळक. घरी बांधून स्वतःच्या टेबलावर विकलं तर नताशाज लॉ (विकणाऱ्यानेच आधी बांधून ठेवलेल्या पदार्थांच्या लेबलचा कायदा) लागू, १ ऑक्टोबर २०२१ पासून: पदार्थाचं नाव, सगळे घटक, ॲलर्जन उठून दिसणारे. व्हॉट्सॅपवर ऑर्डर पक्की होण्याआधी आणि डबा पोचवताना, दोन्ही वेळा ॲलर्जन सांगायचे. दुकानात ठेवलंत तर वजन, तारीख, तुमचा पत्ता, सगळंच आलं.

"अंश असू शकतो" सरसकट छापू नका, धोका खरंच टाळता येत नसेल तिथेच. शंकरपाळ्यांच्या तेलात चकली तळता का? तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पण तेवढ्यावर "ग्लूटेन-फ्री" लिहायचं नाही. त्याला किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेनची मर्यादा आहे.

मूळ लेखिका:
तळते हो, त्याच तेलात! उद्यापासून चकल्या आधी, वेगळ्या कढईत. दुकानदाराला यंदा नाही म्हणून कळवते.