पगाराची बोलणी आपल्या बँकेऐवजी आयबीए का करतं?

नवा_क्लार्क: नमस्कार, सरकारी बँकेत नुकताच लागलोय. ब्रांचमध्ये सीनिअर लोकांचं सारखं बायपार्टाइट (बँका आणि युनियनमधला पगाराचा करार), आयबीए, एरिअर्स चालू असतं. आमचे एमडी वेगळे, हेड ऑफिस वेगळं, मग युनियनसमोर आयबीए कशी काय बसते? आणि पगारवाढ १७ टक्के मिळाली म्हणतात, पण बेसिक तेवढं वाढलंच नाही असंही तेच म्हणतात 😅

रिटायर्ड_कॅशियर: अरे आयबीए म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशन, बँकांचीच संघटना. बँका तिला मॅन्डेट देतात, म्हणजे आमच्या वतीने तुम्ही बोला असं लेखी कळवतात, समोर नऊ युनियनची मिळून एक आघाडी, युएफबीयू. पूर्वी शास्त्री अवॉर्ड, देसाई अवॉर्ड असं ट्रिब्युनलच्या (लवादाच्या) निवाड्यांवर चालायचं, पहिलं बायपार्टाइट सेटलमेंट १९ ऑक्टोबर १९६६ चं. बँकांनाही हे बरंच पडतं, नाहीतर एका बँकेने जास्त दिलं की दुसरीकडे लगेच बोंब.
आता १७ टक्के. ते तुझ्या बेसिकवर नाहीत बाळा, सगळ्या सरकारी बँकांच्या २०२१-२२ च्या पे स्लिप खर्चावर, म्हणजे पगाराच्या एकूण खर्चावर आहेत, वाढ १२,४४९ कोटींची, आणि त्यातूनच भत्ते वगैरे सगळं वाटायचं. बेसिकमध्ये डीए (महागाई भत्ता) मर्ज करून वर लोडिंग, म्हणजे खरी जादा वाढ, फक्त ३ टक्के, म्हणून तुझे सीनिअर कुरकुरतात.

स्केल_टू: काकांनी क्लार्कचं सांगितलं, आमचं ऑफिसर्सचं त्रांगडं वेगळंच. आम्ही कायद्याने वर्कमन (कामगार) नाही म्हणून आमचं सेटलमेंट नसतं, जॉइंट नोट, म्हणजे दोघांनी सह्या केलेलं वेगळं टिपण असतं. आणि मॅन्डेट पूर्ण मिळेलच असं नाही हां, अकराव्या बायपार्टाइटच्या वेळी काही मोठ्या बँकांनी स्केल थ्री या ऑफिसर ग्रेडपर्यंतचंच दिलं होतं, वरच्यांचं आम्ही बघू म्हणे! त्यावरून डिसेंबर २०१८ मध्ये ऑफिसर्सचा संपही झाला.

नवा_क्लार्क: धन्यवाद काका, सर. म्हणजे आयबीएने सही केली की विषय संपला ना?

शनिवारची_वाट: 😂 पैशाचं हो. पण सगळे शनिवार सुट्टी हे आयबीएने ८ मार्च २०२४ लाच मान्य केलंय, फक्त सरकारच्या मंजुरीवर ठेवून. दुसरा-चौथा शनिवार २०१५ मध्ये मिळाला तोसुद्धा तसाच, सरकारने नोटिफिकेशन काढलं तेव्हा. टेबलावर बसते आयबीए, चावी दिल्लीला अर्थ खात्यात. युनियनवाल्यांनाही हे चांगलं माहितीये, म्हणून मोर्चे तिकडे वळतात.