एरिक मोर्ससारखा होडीतून इतिहास, आपल्या खाड्यांवर कुणी केलाय का?

वाशिष्ठीकाठ:
नमस्कार मंडळी. गेले काही दिवस एरिक मोर्स या कॅनडाच्या माणसाबद्दल वाचतोय आणि तो डोक्यातून जातच नाहीये, म्हणून धागा काढला. ओटावात नोकरी करणारा माणूस, कॅनेडियन क्लब्सच्या संघटनेचा संचालक, पण उन्हाळा आला की मित्रांना घेऊन कनू (तिकडची लांबट, हलकी होडी) वल्हवत रानात. मित्र पण साधे नाहीत, कुणी राजदूत, कुणी लष्करी अधिकारी, कुणी शास्त्रज्ञ. १७-१८व्या शतकात बीव्हर या पाणप्राण्याच्या कातड्यांचा (फरचा) व्यापार ज्या नद्यांवरून चालायचा त्याच नद्यांवरून हे लोक जुन्या व्यापाऱ्यांच्या रोजनिशा सोबत घेऊन जायचे आणि प्रत्येक धबधबा, प्रत्येक वळण ताडून बघायचे. त्यातून त्याने १९६९ साली फर व्यापाराच्या कनूमार्गांवर पुस्तक काढलं, तेव्हा मार्ग कसा होता आणि आता कसा आहे असं दोन्ही त्यात आहे.

माझ्याकडे कयाक आहे, दाभोळच्या खाडीत, म्हणजे वाशिष्ठीच्या मुखाकडे, वल्हवतो. आपल्याकडे चिपळूण, महाड, राजापूर, खारेपाटण ही सगळी बंदरं समुद्रापासून इतकी आत का वसली हे पुस्तकात एका ओळीत उरकतात, "घाटाच्या पायथ्याशी म्हणून". पण होडीतून गेल्यावर काहीतरी वेगळंच जाणवतं, पाणी कुठवर नेतं आणि कुठे सोडतं ते कळतं. तर या पद्धतीने आपल्याकडे कुणी काम केलंय का, आणि सुरुवात कुठल्या खाडीपासून करावी?

पानगळ_पुणे:
मोर्स माझा अत्यंत आवडता माणूस, त्यामुळे लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

त्याचं मोठेपण नुसतं साहसात नाही. मॉन्ट्रिअलहून निघणारी भूर्जाच्या सालीची मोठी कनू सुमारे ३६ फुटांची, त्यात तीनेक टन माल, आणि जिथे धबधबा येईल तिथे सगळा माल उतरवून डोक्याला पट्टा लावून पाठीवर न्यायचा. एक गठ्ठा ९० पौंडांचा, म्हणजे साधारण ४१ किलो, आणि एका खेपेला असे दोन गठ्ठे. हे आकडे कागदावर वाचताना आपण पटकन पुढे जातो. मोर्स स्वतः सामान पाठीवर घेऊन त्याच चिखलातून गेला, म्हणून कुठला टप्पा माणसाला मोडून टाकतो आणि कुठे विसावा घ्यावाच लागतो हे तो ठामपणे लिहू शकला. मुख्य म्हणजे बर्फ वितळल्यापासून पुन्हा गोठेपर्यंत जेमतेम पाचेक महिने मिळायचे, तेवढ्यात मॉन्ट्रिअल ते पार वायव्येकडचा अथाबास्काचा मुलूख जाऊन परत येणं शक्यच नव्हतं. म्हणून लेक सुपिरिअरच्या काठी ग्रँड पोर्टेजला अदलाबदलीचं ठाणं झालं, पूर्वेकडून माल आला, पश्चिमेकडून कातडी आली, तिथे बदलली आणि दोघे मागे फिरले. व्यापाराची रचनाच ऋतूने ठरवली.

अजून एक गोष्ट मला फार भारी वाटते. धबधब्यात कनू उलटल्या तर त्यातला माल तळाशी असणारच की, हा विचार मोर्स आणि मंडळींच्या बोलण्यातून पुढे आला आणि १९६० मध्ये मिनेसोटा-ऑन्टॅरिओ सीमेवरच्या हॉर्सटेल रॅपिड्सखाली पाणबुड्यांना एकात एक बसवलेली १७ पितळी भांडी सापडली! ज्याने तो प्रवाह अंगावर घेतलाय त्यालाच कळतं की होडी नेमकी कुठे दगा देते.

हे सगळं नुसतं रम्य नव्हतं हेही सांगायला हवं. त्याच गटातला पत्रकार ब्लेअर फ्रेझर १९६८ मध्ये पेटावावा नदीवर बुडून गेला.

कातळकिनारा:
वाशिष्ठीकाठ दादा, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी विजयदुर्गकडची. माझे आजोबा पडावावर (मालवाहू होडीवर) होते, वाघोटणच्या खाडीतून खारेपाटणपर्यंत माल न्यायचे. त्यांचं गणित सांगते कारण ते कुठल्या पुस्तकात शोधायला गेलात तर पटकन मिळणार नाही. तिथी घ्यायची, पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ, साधारण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. म्हणजे अमावास्या-पुनवेला दुपारी बाराच्या आसपास भरती आणि पहाटे सहाला पूर्ण सुकती (ओहोटी). आजोबा म्हणायचे, "पाणी चढूक लागला की होडी सोडूची, मगे वल्ह्याक जोर लागना नाय."

आता यातली खुबी बघा. उजाडताना सुकती, तिथून उधाणाची भरती, तीच पंधरवड्यातली जोरदार, आणि दिवसभर उजेड. शिवाय खाडीत जसजसं आत जावं तसतशी भरतीची वेळ पण उशिरा होते, त्यामुळे वर जाणाऱ्या होडीला भरती समुद्राकाठच्यापेक्षा जास्त वेळ मिळते. मालाने भरलेला पडाव चाळीसेक किलोमीटर आत जायचा तो या जोरावर. आणि भरती जिथे दमते तिथे बाजार, तिथून पुढे बैल आणि घाट. खारेपाटणला शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट सापडलाय, त्यात परदेशाहून येणाऱ्या जहाजाकडून सोन्याचा एक गद्याण (तेव्हाचं नाणं) घ्यावा असं लिहिलंय. इतक्या आत! मला वाटतं तुमच्या मोर्सचं ग्रँड पोर्टेज आणि आमचं खारेपाटण एकाच जातीची ठिकाणं आहेत, तिकडे बर्फाने ठरवलं, इकडे भरती आणि पावसाने.

गोवळकोट_रोड:
दोघांचंही पटलं, पण एक मुद्दा निघून जातोय. वाशिष्ठीत आज जे पाणी आहे ते जुन्या गलबतवाल्यांचं पाणी नाही. कोयनेची वीज केली की ते पाणी कोळकेवाडी धरणावरून खाली वाशिष्ठीत येतं, म्हणजे जे पाणी पूर्वी घाटावर कृष्णेकडे जायचं ते बारा महिने आपल्याकडे उतरतंय. त्यामुळे चिपळूणच्या बाजूला प्रवाह कधी वाढेल ते तिथीवर ठरत नाही. वरून गाळ. मोर्सने जसं "आता" वेगळं लिहिलं तसंच इथेही करावं लागेल, नाहीतर आजची खाडी बघून शिवकाळाबद्दल चुकीचं लिहाल. जुनं वर्णन हवं असेल तर १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटिअर काढा, दहावा खंड, कुठल्या खाडीत केवढी होडी कुठवर जायची हे त्यात बंदरागणिक आहे. सोबत तेच घेऊन जा.

आणि कळकळीने सांगतो, चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या वर एकट्याने कयाक नको. मगरी आहेत, चिखलाच्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, आणि कयाक पाण्याला अगदी लागून असते. लाइफ जॅकेट आणि काठचा एखादा होडीवाला सोबत पाहिजेच.

वाशिष्ठीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, पाऊणपटीचं गणित वाचून लगेच पंचांग काढलं. गोवळकोट_रोड, कोयनेचा मुद्दा एकदम पटला, म्हणून वाशिष्ठी नंतर करतो आणि आधी वाघोटणची खाडी घेतो. तिथे एवढं मोठं उपरं पाणी येत नाही आणि ताम्रपटापासून गॅझेटिअरपर्यंत ताडून बघायला लिखित पुरावा पण आहे. पाऊस संपून समुद्र शांत झाला की एखाद्या पुनवेला पहाटे विजयदुर्गहून सुटायचं, दर वळणावर वेळ आणि खोली लिहायची, भरती कुठे सोडते ते नकाशावर टिपायचं.

ताई, त्या बाजूला जुने तांडेल अजून कुणी आहेत का ज्यांनी पडाव चालवलाय? त्यांच्याशी आधी बोलून मगच निघेन.

कातळकिनारा:
आहेत, दोघे आहेत, दोघांचंही वय झालंय. त्यामुळे पाऊस संपायची वाट बघू नका, गप्पा मारायला आधीच या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.