वाऱ्याच्या गच्चीवर वेल टिकवताना

पश्चिमेच्या गच्चीवर जाईचा वेल दर पावसाळ्यात जाळीसकट आडवा होतो, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं दोष जाईचा नाही, मागे लावलेल्या हिरव्या शेडनेटचा आहे. दाट कापड वाऱ्यात शिडासारखं फुगतं. त्याऐवजी चार-सहा इंची चौकटींची जाळी लावा, वारा आरपार जाऊ द्या.

नवा वेल घ्यायचा तर कृष्णकमळ. त्याचे ताणे (आधाराला गुंडाळणारे बारीक तंतू) जवळून पाहा: अर्धे वेटोळे एका बाजूला, अर्धे उलट. झोत आला की स्प्रिंगसारखे ताणतात, पुन्हा आखडतात. कारलं-दोडक्याचंही तसंच. गोकर्ण स्वतःच पीळ घालत चढते, तिला उभी सुतळी पुरते. बोगनवेलीला मात्र ना ताणे ना पीळ, ती बांधावीच लागते. मधुमालती कुंडीत नकोच, फार जड होते.

बांधायला नायलॉन दोरी नको. माझ्या जाईचं खोड तिने करवतीसारखं कापलं होतं. जुन्या सुती साडीची चिंधी घ्या आणि खोड व काठी यांच्यामध्ये पीळ येईल असा सैल फास द्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा (आपला ८ इथे कामाचा नाही!). आणि मेअखेरीस शेंडे छाटा.