वाण कुणाला, हेही ठरवा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यावं, यावर इथे बऱ्याच जणींनी लिहिलंय. प्लास्टिकचे डबे नकोत, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आम्ही दोन वर्षं भाजीच्या बियांच्या पुड्या देतोय, परसात दुधी-दोडक्याचे वेल चढलेत.

पण मला वाण कुणाला द्यायचं, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान एका रविवारी असतं. विधवा बायका यायच्या, पण मागच्या पडवीत, मसाला दूध गाळायला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. त्या बातमीचं कात्रण आम्ही मंडळाच्या बैठकीत मोठ्यानं वाचलं. दोन ज्येष्ठ बायका उठून गेल्या. त्यांना समजवायला तीन वेळा घरी जावं लागलं.

पुढच्या संक्रांतीला शेजारच्या काकूंना सतरंजीवर पुढे बसवलं. मी बोट पुढे केलं तर त्यांनी सवयीनं मान मागे घेतली. मग स्वतःच करंड्यातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि आधी मला लावलं, मग कपाळ पुढे केलं. उखाण्यांची फेरी त्यांच्यापाशी आली, तेव्हा आम्ही त्यांना वगळून पुढे जाणार होतो. त्यांनी हातानं थांबवलं आणि नवऱ्याचं नाव घेतलं. अख्खं, आडनावासकट.